एकशे सतरा नंबरचा खड्डा

१

बिबट्या सलग पाचव्या दिवशी आला तेव्हा सकाळचे सात वाजले होते आणि तेवीस मजूर टेम्पोतून उतरत होते. पहिला उतरला, त्याने खाली बघितलं आणि तो परत वर चढला. बाकीच्या बावीस जणांनी उतरायचे कष्टच घेतले नाहीत. टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं नव्हतं. त्याला अनुभव होता.

टेम्पो गेला. धुरळा खाली बसला. मऊ मुरमावर ठसे तेवढे राहिले, आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन उभा असलेला मी.

आमचं गाव करंजमळा, नारायणगावापासून अकरा किलोमीटर. गावच्या गायरानावर नऊ एकरांत सौर प्रकल्प उभा राहतोय, आणि मी, सुदर्शन, आयटीआय वायरमन, तिथे साइट असिस्टंट आहे. म्हणजे हजेरी लावणे, चहा सांगणे आणि फोटो काढून पाठवणे.

प्रकल्पाचं गावाला इतकं काय, ते एका वाक्यात सांगतो. शेतीपंपाची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणसं अंधारात उसाला पाणी द्यायला जातात, आणि त्याच उसात बिबटे राहतात. बरं, दोन वाक्यं झाली. प्रकल्प झाला की लाइट कायमची दिवसा येणार. मे अखेरपर्यंत झाला नाही, तर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार, आणि माझे वडील रात्रीचेच पाणी देत राहणार. आबांचं वय एकसष्ट, आणि त्यांना कानाने कमी ऐकू येतं. बिबट्या मागून आला, तर त्यालाच पुढे येऊन सांगावं लागेल.

पॅनेलच्या खांबांसाठी ड्रिल मशिनने साडेआठशे खड्डे घ्यायचे होते, आणि मशिनच्या हाताखाली मजूर. एकशे सोळा झाले होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पहिला ठसा उमटला आणि मजूर पळाले. मधे सात दिवस एकही ठसा नव्हता. सुपरवायझर रामदास साहेबांनी हातापाया पडून मजूर परत आणले, तर आठव्या दिवशी परत ठसे. त्यालाही आज पाचवा दिवस. रोज टेम्पो येतो, रोज जातो.

"सर, टायगर इश्यू आहे," रामदास साहेब फोनवर पुण्याला सांगत होते. "नाही सर, बोलून मिटण्यासारखा नाही."

तेवढ्यात माझा डबा घेऊन लंकाआत्या आली. तिने डबा माझ्या हातात दिला, कंबरेवर हात ठेवले आणि ठशांच्या रांगेकडे बघत राहिली. बराच वेळ.

"सुदर्शन," ती म्हणाली, "ह्यो वाघ बाकीचे तीन पाय घरी ठिवून येतो का रं?"

२

लंकाआत्या माझ्या वडिलांची बहीण. बावीस वर्षं ती नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडते. पुढ्यात ढीग पडतो आणि तिचे हात लाल, गुलाबी, हिरवट आणि टिक्क्याचा, म्हणजे डागी, फेकायचा, असे चार ढीग करतात, तेव्हा तोंड तिसऱ्याच माणसाशी भांडत असतं. एकदा एका व्यापाऱ्याने वरच्या थराला चांगला माल आणि खाली भुसकट भरलं होतं. आत्याने क्रेट न उघडता, नुसता उचलून परत दिला.

"हे बघ," ती ठशाशेजारी बसली. "ह्या बोटाच्या कडंला टवका उडालाय. ह्या ठशात बी. त्याच्यात बी. सगळ्यांत त्योच पाय, उजवा. कुठलं बी जनावर एकाच पायावर चालत न्हाई. लंगडी खेळत आला असंल तर गोष्ट येगळी."

"पण आत्या, वनरक्षक आरती मॅडमनी फोटो बघून सांगितलं होतं. बिबट्याच आहे, मादी, पुढचा उजवा पंजा."

"तू किती फोटू पाठिवले?"

"एक. चांगला आलेला."

"एक टमाटा दाखवला की मी बी सांगंन, माल चांगलाय. ढीग बघावा लागतो." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "जुनं फोटू हायेत?"

माझ्या मोबाइलमध्ये सगळे होते. तीन आठवड्यांपूर्वीच्या फोटोत टवका ज्वारीच्या दाण्याएवढा. आजच्या ठशात करंगळीच्या नखाएवढा. बिबट्याचा पाय झिजत चालला होता.

आम्ही ठशांच्या मागे मागे चाललो. डोक्यावर एक टिटवी कर्कश ओरडत होती. आत्या पदर डोक्यावर घेऊन चालली होती, आणि मी तिच्या मागे, कारण खोटा असला तरी बिबट्या होता. ठसे गायरानाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात फिरत होते. नऊ एकरांतली उरलेली पावणेनऊ त्याने बघितलीसुद्धा नव्हती. आणि त्या कोपऱ्यातही मधे एक दहा फुटांचं वर्तुळ असं, की त्याच्या आत एकही ठसा नाही.

"इथं कितवा खड्डा येतो?" आत्याने विचारलं.

मी नकाशा उलगडला. "एकशे सतरावा."

"अन् काम कितव्यावर थांबलंय?"

मी नकाशा परत घडी घातला. घडी नीट पडेना.

"पोलिसांत सांगायचं का?" मी विचारलं.

"सांग. ते येतील, जागा शील करतील, पंचनामा करतील. मे सरंल, अन् तुझा बाप रातच्याला पानी देत बसंल." आत्याने पदर खोचला. "हे काम थांबलेलं तीनच माणसांना परवडतंय. चल."

३

पहिले रामदास साहेब. ते कंटेनरच्या ऑफिसात लॅपटॉपसमोर बसले होते आणि पंखा त्यांच्याकडे सोडून सगळीकडे वारा घालत होता.

"साहेब, तुमचं लोखंड कवा आलं?" आत्याने बसता बसता विचारलं.

"कसलं लोखंड, मावशी?"

"पॅनेलखालचं. येळंवर आलं का?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे. लोखंड बारा दिवस उशिरा आलं होतं आणि त्याचं उत्तर त्यांना पुण्याला द्यायचं होतं. बिबट्या आल्यावर ते उत्तर आपोआप मिळालं. पहिला ठसा सापडला त्या सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यांची मेल गेली होती: वन्यप्राण्यामुळे काम थांबले आहे. त्यांच्या एवढ्या नोकरीतली ती पहिलीच वेळेवर गेलेली मेल असावी.

"तुम्हाला काय म्हणायचंय?" साहेब तडकले. "मी रात्री येऊन रांगतो का इथं?"

"तसं न्हाई म्हनत. रांगायला कंबर लागती," आत्या म्हणाली आणि उठली.

दुसरा कुंडलिक. त्याचं चौकात वेल्डिंगचं दुकान आहे. बिबट्या मानेला धरतो, म्हणून त्याने बाहेरून खिळे असलेले गळ्याचे पट्टे बनवायला घेतले आणि त्याचं नशीब उघडलं. जाहिरात म्हणून तो स्वतः दिवसभर पट्टा घालून बसतो. मान वळत नाही, म्हणून तो सगळाच वळला.

"या आत्याबाई. मोठा का बारीक?"

"मला काय करायचाय? मला बघून वाघच पट्टा मागंल."

"हसताय, पन आठवड्याला पंचवीस जातेत. मंचरपासून मानसं येतेत."

"दिवसा लाइट आली म्हंजी?"

कुंडलिक थांबला. मान वळवता येत नसल्यामुळे त्याला नजर चोरता येईना. तो समोरच बघत राहिला, आणि त्याचा चेहरा पडलेला आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसला.

"धंदा बसंल," तो म्हणाला. "मग काय, गेट बनवीन. गिरील बनवीन. माझा बाप बी रातचा पानी देतो, आत्या. त्याला पहिला पट्टा मीच घातलाय. रातभर खाजतो म्हनून शिव्या देतो मला."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "हाच असणार. हेतू आहे, हत्यारं आहेत."

"ह्याला वाघ पायजे तर गिऱ्हाइकाच्या दारात पायजे," आत्या म्हणाली. "गायरानाच्या कोपऱ्यात वाघ फिरवून पट्टं खपत न्हाईत. अन् त्यो कारागीर हाये. त्यानं केला असता तर चारी पाय केलं असतं, वरून शेपटी घासटून दावली असती."

मग राहिला बहिरू. आणि बहिरूकडे एक शेळी अशी होती, की जिने बिबट्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा पोटभर खाल्लं होतं.

४

बहिरूची चाळीस शेरडं गायरानावर चरायची. प्रकल्पाने गायरान घेतलं. ग्रामसभेत एकटा बहिरू विरोधात बोलला होता, पण माइक बंद होता. लाइट नव्हती.

तो बांधावर उकिडवा बसला होता. समोर वनखात्याने लावलेला पिंजरा आणि पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात आमिष म्हणून बहिरूचीच शेळी. तिला रोज दोन वेळा हिरवा चारा मिळत होता आणि तिचं पोट पिंजऱ्याच्या गजांना लागायला आलं होतं.

"बहिरूभाऊ, खरं सांग," आत्या म्हणाली. "वाघ तुझा का?"

"माझा असता तर असा उपाशी ठिवला असता व्हय?" बहिरू म्हणाला. "ही शेळी बघ. वाघ आला तर हीच त्याला खाईल."

"तुझं रान गेलं. राग तर आसंल."

"हाये की." त्याने काठीने जमिनीवर रेघ मारली. "पन मला सायबानं कबूल केलंय, पॅनेलच्या खालचं गवात माझ्याच शेरडांना. सावलीत चरतील म्हनला. तवा मी बी म्हनलं, बघू. अन् ह्या वाघापायी वनखात्यानं शेरडांना गायरानच बंद केलंय. मला काय येड लागलंय माझंच दार बंद करायला?"

 बहिरूचा हेतू आत्याच्या डोळ्यांसमोर हिरव्या ढिगातून टिक्क्याच्या ढिगात गेला. मग तिने विचारलं, "पूर्वेच्या कोपऱ्यात कोन असतंय रं?"

"रातचं? तुमचा सावळेराम अन् दादाभाऊ. त्या कोपऱ्याला लागून रानं दोनच. त्यांचीच." बहिरूने तंबाखू मळता मळता वर बघितलं. "का गं?"

सावळेराम म्हणजे माझे आबा, आत्याचा भाऊ. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही, आणि हे बावीस वर्षांत पहिल्यांदा घडत होतं.

५

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आबांनी लाइटचं वेळापत्रक चिकटवलं आहे. रात्रीचे आठवडे लाल पेनने. आत्याने माझं रजिस्टर मागितलं आणि ठसे सापडले त्या तारखा एकेक करून वेळापत्रकावर बोटाने दाखवायला सुरुवात केली.

पहिल्या आठवड्यातले ठसे: लाल. मधला रिकामा आठवडा: दिवसाची लाइट. गेल्या पाच दिवसांतले: लाल.

"ह्या वाघाला थ्री फेज लागती," आत्या म्हणाली.

मला हसू आलं आणि लगेच गेलं. दिवसाच्या आठवड्यात माणूस रात्री घरी झोपतो. उठून बाहेर निघाला तर घरचे विचारतात, कुठं निघालास. रात्रीच्या आठवड्यात कुणी विचारत नाही. म्हणजे खोटा बिबट्या करणारा रात्री पाणी द्यायला जाणारा होता. म्हणजेच ज्याला दिवसाची लाइट सगळ्यात जास्त हवी, असा. आणि कोपऱ्याला लागून रानं दोनच होती.

आम्ही दोघांनी आबांकडे बघितलं. ते भाकरी कुस्करत होते.

"आबा," मी मोठ्याने म्हणालो, "तुम्ही रात्री गायरानात जाता?"

"आं?"

"गायरानात!"

"कशाला? तिथं वाघ हाये." आबांनी दुधाचा पेला उचलला. "अन् दादाभाऊ सोडंल तर ना. त्याचं पानी नसलं तरी येऊन बसतो. रातभर पत्र्याचा डबा बडवतो. मला काय ऐकू येत न्हाई, पन त्याचं समाधान."

दादाभाऊ आमचे शेजारी. गेल्या दिवाळीत त्यांना बिबट्याने खांद्याला धरलं. सव्वीस टाके. डावा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. दिवसाच्या लाइटीसाठी ग्रामसभेचा ठराव त्यांनी मांडला, तहसीलला ते गेले, गायरान द्यायच्या कागदावर पहिली सही त्यांची. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे आगीत भाजलेल्या माणसावर आग लावल्याचा आळ घेणं.

"मी आधी सावळेरामाचा ताळमेळ लावला," आत्या सावकाश म्हणाली. "त्याला वाकता येत न्हाई. राहिला एकच."

दुपारी आम्ही दादाभाऊंच्या घरी गेलो. ते रानात होते. त्यांच्या बायकोने, झुंबरबाईंनी, चहा टाकला आणि कैऱ्यांची तक्रार सुरू केली. "लोनच्याची बरनी फसफसायलीय. झाकनावर ठेवायचा माझा पांढरा दगड कुनी न्हेला काय म्हाईत."

"कसला दगड?" आत्याने बशी खाली ठेवली.

"अगं, दिवाळीला ह्यांना वाघानं धरलं ना, तवा त्या वनखात्याच्या मॅडमनी रानात पायाचं साचं घेतलं, चुन्यासारखं. एकाचं टोक तुटलं, म्हनून टाकून गेल्या. वजनाला बरा व्हता. गेल्या महिन्यापासून सापडंना."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी चहा बघत होतो. मला खरं तर आनंद व्हायला पाहिजे होता. सोडवलं होतं ना कोडं. पण दादाभाऊंनी मला लहानपणी पोहायला शिकवलंय, आणि मला एकच प्रश्न पडला होता: का?

"का, ते त्या गोलात हाये," आत्या बाहेर पडताना म्हणाली. "जा. चहाच्या टपरीवर सांग, चार वाजता मशिनवाला एकटाच एकशे सतरा नंबर घेतोय. मजुरांशिवाय. मोठ्यांदा सांग."

६

मशिन चार वाजता सुरू झालं. ऑपरेटरला आम्ही सांगितलं होतं, नुसतं इंजिन चालू ठेव, ड्रिल खाली घेऊ नकोस. त्याने कारण विचारलं नाही. त्याला डिझेलचं काही देणंघेणं नव्हतं.

चार वाजून सहा मिनिटांनी दादाभाऊ बांधावरून धावत आले. धोतराचा सोगा एका हातात, दुसरा हात अंगाशी धरलेला. ते थेट ड्रिलच्या खाली येऊन उभे राहिले.

"बंद कर! बंद कर म्हनतो ना!"

ऑपरेटरने इंजिन बंद केलं. आणि मग ते ऐकू आलं, जे गेले तीन आठवडे आमच्या डोक्यावर होतं आणि आम्ही कधी कान देऊन ऐकलंच नव्हतं. टिटवी. ती आमच्या डोक्यांवर झेपावत होती, पुन्हा वर जात होती आणि ओरडत होती, जणू ग्रामसभेत माइक तिच्याच हातात आहे.

लंकाआत्या वर्तुळाच्या कडेला वाकली. मुरमात बशीएवढा खळगा, भोवती बारीक खड्यांची रांग. आत मातकट, काळे ठिपके असलेली चार अंडी. टोकं आत, एकमेकांना टेकलेली. दगडांत दगड.

"भाऊ," ती म्हणाली, "चार अंड्यांसाठी एवढा मोठा वाघ?"

दादाभाऊ खाली बसले. दम लागला होता. बसल्या बसल्याच ते बोलायला लागले.

"मी त्या मशिनवाल्याला म्हनलं व्हतं. हा एक नंबर सोड, महिन्यानं घे. त्यो म्हनला, ड्रॉइंगमदी पक्षी न्हाई." त्यांनी ऑपरेटरकडे बघितलं नाही. ऑपरेटर ड्रिलच्या पात्यावरची माती नखाने काढत होता. "माझा बाप नांगरायचा तवा टिटवी बसली असली की तेवढा तुकडा सोडायचा. औत उचलून पुढं न्ह्यायचा. आमी समदेच सोडतो की गं. तू बी बघितलंय. रानात तेवढी गवताची टिकली राहायची."

"मग गावात का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू?" ते एकदम चिडले. "लोक रातच्याला मरनाच्या तोंडात जात्यात. तेरा वर्षं मी तहसीलला चपला झिजवल्या. अन् आता मीच म्हनू, थांबा, चार अंडी हायेत? दादाभाऊ येडा झाला म्हनले असते. बरोबरच म्हनले असते."

"मग?"

"मग काय. गायरान देतो म्हनून पयली सही माझी. हिला कुनी इचारलं? हिचं बी ते रान व्हतं. मला लाइट पायजे, लई पायजे. पन तेरा वर्षं थांबलो, अन् ही मागती किती? अठ्ठावीस दिवस. एकोनीस झाले. नऊ राहिले."

आत्याने रांगेतून निसटलेला एक खडा परत जागेवर लावला. मग तिने जे विचारलं, ते विचारायला मला धीर झाला नसता.

"अन् ह्या दिवसांत माझ्या भावाला खरा भेटला असता तर?"

दादाभाऊंनी डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला.

"म्हनून तर डबा बडवतोय रोज रातचा," ते म्हणाले. "काम मी थांबवलं. तवर त्याला काय होऊ द्यायचं न्हाई, एवढं तर माझ्याकडं व्हतं."

मागून कुणीतरी टाळी वाजवली. एकच. रामदास साहेब कंटेनरच्या सावलीतून पुढे आले, हातात मोबाइल. सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"वा! शासकीय कामात अडथळा, मजुरांना भीती घालणं. आता मी हे सगळं लिहून कळवतो."

७

"कळवा," लंकाआत्या म्हणाली. "पन आधी मला एक हिशेब सांगा. दिवसाला किती खड्डं होतेत?"

"साठ. मजूर असतील तर."

"राहिले किती?"

"सातशे चौतीस."

"म्हंजी बारा-तेरा दिवस. आता पश्चिमेच्या टोकाकडनं सुरू करा, मागून पुढं. ह्या कोपऱ्यात यायला तुमाला बारा दिवस लागतील. पिल्लं नऊ दिवसांत निघतील आणि त्याच दिवशी चालायला लागतील. टिटवीचं पोर पाळन्यात झोपत न्हाई."

रामदास साहेबांनी माझ्या हातातला नकाशा ओढून आकड्यांवरून बोट फिरवलं.  खरं म्हणजे क्रमाने खड्डे घ्यायची अट कुणीच घातली नव्हती. नकाशावर आकडे होते, म्हणून मशिन आकड्यांप्रमाणे चाललं होतं. आम्ही तीन आठवडे एका बिबट्याशी लढलो, त्यापेक्षा नकाशा उलटा धरला असता तर भागलं असतं.

"पण माझ्याकडे सिक्वेन्सची मंजुरी..."

"टमाटं निवडताना एक फळ कच्चं निघालं तर आमी ढीग थांबवत न्हाई, साहेब. बाजूला ठिवतो, शेवटी बघतो." आत्याने पदर सारखा केला. "अन् कळवायचंच असंल तर लोखंड बारा दिवस उशिरा आलं, ते बी त्याच कागदावर लिव्हा. एकाच पाकिटात जाईल."

साहेबांनी मोबाइल खिशात ठेवला. थोड्या वेळाने ते म्हणाले की त्यांनाही लहानपणी पक्षी आवडायचे. टिटवी पुन्हा त्यांच्याच डोक्यावर झेपावली.

मजुरांचा प्रश्न राहिला. त्यासाठी आरती मॅडमना बोलवावं लागलं. आत्याने त्यांना सगळं खरं सांगितलं. मॅडमनी साचा हातात घेऊन उलटसुलट बघितला, आपल्याच टाकलेल्या वस्तूकडे बघावं तसा. मग त्यांनी गायरानाची चार तास पाहणी केली, पिंजरा काढायला लावला आणि मजुरांच्या मुकादमाला सांगितलं, की या जागेत बिबट्याचा वावर नाही, मी सही करून देते. ते अक्षरशः खरं होतं. साचा त्या घेऊन गेल्या. दादाभाऊंना एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी फोन करा. पक्ष्यासाठीसुद्धा आम्हीच असतो." दादाभाऊंना हे माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर आम्हालाही नव्हतं.

शेळीला बाहेर काढायला तिघे लागले.

बावीस एप्रिलला तीन पिल्लं निघाली. चौथं अंडं तसंच राहिलं. दादाभाऊ ते दोन दिवस बघत होते. मग त्यांनी बघायचं सोडलं. पिल्लं कापसाच्या बोंडांना पाय फुटावेत तशी आईमागे पळत कालव्याकडे गेली. पंचवीस तारखेला दुपारी मशिनने एकशे सतरावा खड्डा घेतला, साडेआठशेंतला शेवटचा. ऑपरेटरने ड्रिल खाली घेण्याआधी उतरून जागा एकदा बघितली. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

एकोणतीस मेला, सकाळी नऊ चाळीसला, करंजमळ्याच्या शेतीपंपांना सूर्याची लाइट आली. चौकात नारळ फुटला. कुंडलिक पट्टा काढून आला होता आणि मान उगाचच दोन्हीकडे वळवत होता. आबा आणि दादाभाऊ कार्यक्रमाला थांबले नाहीत. ते मोटार चालू करायला गेले.

मी तासाभराने रानात गेलो तेव्हा दोघे बांधावर उभे होते. दादाभाऊंच्या रानात पाणी चालू होतं, लख्ख उन्हात, प्रत्येक सरीत चमकत. आणि दादाभाऊ बांधाच्या बुडाशी असलेल्या एका भोकाकडे बघत होते. खेकड्याचं असावं, मनगटाएवढं. त्यांच्या पाण्यातलं चांगलं पाव पाणी त्या भोकातून शांतपणे आमच्या उसात जात होतं. भोकाच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. कालपरवाचं नव्हतं ते.

"सावळेराम," दादाभाऊ म्हणाले, "तुझ्या ह्या कडंच्या चार सऱ्यांचा ऊस दरसाल डोक्याच्या वर जातो. काय घालतो म्हनला व्हतास तू?"

"आं?" आबा म्हणाले.

"ऊस! कशानं वाढतो म्हनला व्हतास?"

"शेनखत," आबा म्हणाले. त्यांनीही आता भोक बघितलं होतं. "मला वाटलं शेनखत."

"तेरा वर्षं मी अंधारात तुझ्या उसाला पानी पाजलं, अन् तू मलाच शेनखताचं व्याख्यान दिलंस?"

"तू बसला व्हतास की रोज बांधावर! भोकावरच बसला व्हतास! तुला दिसलं न्हाई?"

"रातचं काय दिसनार रं, बहिऱ्या!"

"कोन बहिरा? आं?"

आवाज वाढले. चौकातली माणसं नारळाचा प्रसाद हातात घेऊन कडेने जमा झाली. लंकाआत्याही आली आणि बाभळीखाली बसून शेंगा फोडायला लागली. फावडं तिथेच पडलं होतं. भोक बुजवायला चार ढेकळं पुरली असती. पण अकराच वाजले होते, लाइट संध्याकाळपर्यंत होती, आणि दोघांपैकी कुणालाच घाई नव्हती.